सिंगापूरचा धडा, वर्ध्याचा ठराव आणि निकोबारचे बंदर

ग्रेट निकोबार बेटावर गलाथिया उपसागराच्या काठी उभारावयाच्या बंदराचा विषय निघाला, की चर्चेचे ताबडतोब दोन तट पडतात. एका बाजूस अरण्य, समुद्रकासवे आणि आदिवासी यांच्याविषयी चिंता वाहणारे लोक. दुसऱ्या बाजूस राष्ट्राच्या संरक्षणाचा हवाला देणारे. संरक्षणाचे नाव उच्चारले गेले म्हणजे पहिल्या पक्षाने मुकाट्याने माघार घ्यावी, अशी अपेक्षा असते आणि पुष्कळदा ती घेतलीही जाते. पण बेटावरच्या बंदराचे संरक्षण ही गोष्ट नेमकी कशावर अवलंबून असते, हा प्रश्न या गदारोळात कोणी विचारीत नाही. वास्तविक त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी ग्रेट निकोबार आहे. तिच्या पूर्वेकडील तोंडाशी सिंगापूर आहे. बेटावरचे बंदर राखण्याची योजना वीस वर्षे कशी आखली जाते आणि दहा आठवड्यांत कशी कोसळते, याचा दाखला तेथे १९४२ साली जगाने पाहिला. त्या दाखल्याचा राजकीय अर्थ ज्या गावी ठरावाच्या भाषेत मांडला गेला ते गाव मात्र समुद्रापासून शेकडो मैल दूर, कापसाच्या मुलखात आहे. ते गाव वर्धा होय.

कागदावरचा किल्ला

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनचे आरमार मोठे होते, पण तिजोरी रिकामी होती. जपानशी असलेली मैत्री संपत आली होती. युरोप आणि पूर्व आशिया अशा दोन्ही समुद्रांत पुरेसे आरमार ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून १९२१ साली ब्रिटिश मंत्रिमंडळाने एक तोड काढली. आरमार मायदेशी राहील. सिंगापूरला केवळ तळ बांधला जाईल. संकट आलेच तर आरमार तेथे रवाना होईल. ते पोहोचेपर्यंत तळाने तग धरावा, एवढीच बेटावरील सैन्याची कामगिरी. सरकारे बदलली तसे काम थांबले, पुन्हा सुरू झाले आणि अखेर फेब्रुवारी १९३८ मध्ये बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, जोहोरच्या सामुद्रधुनीच्या काठी, हा तळ समारंभपूर्वक खुला झाला. समुद्राकडून येणाऱ्या युद्धनौकांसाठी पंधरा इंची पाच प्रचंड तोफा बसविण्यात आल्या होत्या. वृत्तपत्रांनी त्याला अभेद्य दुर्ग म्हटले आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

या योजनेचा सगळा भार एका आकड्यावर होता: आरमार येण्यास किती दिवस लागतील? प्रारंभी हिशेब ४२ दिवसांचा होता. युरोपात हिटलरचे बळ वाढू लागले तसा तो ७० दिवसांवर आणि पुढे ९० वर गेला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तो १८० झाला. ज्या योजनेचा मूळ आधारच चौपटीने ताणला गेला, ती योजना खरे तर नव्याने आखावयास हवी होती. तसे झाले नाही. आकडा बदलला, त्यावर उभी असलेली इमारत तशीच राहिली. आरमाराची उणीव विमाने भरून काढतील, असे ठरले. त्यासाठी १९४१ अखेर ३३६ विमाने लागतील असा लंडनचा अंदाज होता. स्थानिक सेनानींनी त्याहून कितीतरी अधिक मागितली होती. डिसेंबरात प्रत्यक्ष हाताशी होती ती १५८ आणि त्यांतील बरीच जुनाट. त्या विमानांसाठी मलायाच्या उत्तरेस व पूर्व किनाऱ्यावर विमानतळ बांधण्यात आले, पण ते राखता येतील की नाही हे भूदलाला नीट विचारलेही गेले नाही. परिणामी, नसलेल्या विमानांचे तळ राखण्यासाठी असलेले सैन्य सर्वत्र विखुरले गेले.

सिंगापूरच्या तोफा समुद्राकडेच तोंड करून होत्या आणि त्या जमिनीकडे वळत नव्हत्या, ही कथा आजही सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. बहुतेक तोफा वळत होत्या व त्या जमिनीच्या दिशेने डागल्याही गेल्या. उणीव होती ती गोळ्यांची. जहाजाचे पोलाद भेदणारे गोळे भरपूर, पायदळावर उपयोगी पडणारे स्फोटक गोळे थोडे. म्हणजे तोफा वळत होत्या, पण योजनाकारांचे मन वळलेले नव्हते.

माहीत असूनही

शत्रू उत्तरेकडून, मलायाच्या भूमीवरून येईल हे कोणाच्या ध्यानीच आले नाही, असेही म्हणता येत नाही. मलायातील सेनापती विल्यम डॉबी आणि त्यांचे मुख्य अधिकारी आर्थर पर्सिव्हल यांनी १९३७च्या सुमारासच हा धोका वर्तविला होता. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळातही शत्रू पूर्व किनाऱ्यावर उतरू शकतो, जंगल हे पायदळाला अडविणारी भिंत नव्हे आणि म्हणून सिंगापूरचे रक्षण म्हणजे सबंध मलायाचे रक्षण, हा त्यांचा निष्कर्ष होता. दैवदुर्विलास असा की हेच पर्सिव्हल १९४१ साली तेथे सेनापती झाले. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर संरक्षक बांधकामे करावीत असा आग्रह मुख्य अभियंता ब्रिगेडियर सिम्सन यांनी त्यांच्याकडे धरला, तेव्हा अशा बांधकामाने सैनिकांचा व नागरिकांचा धीर खचेल या कारणास्तव त्यांनी तो नाकारला, असे सिम्सन यांनी पुढे नमूद केले आहे. धोका दाखविणे हेच धोक्याहून भयंकर ठरविणारी ही वृत्ती केवळ सिंगापुरातच होती असे नाही.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य कोटा भारू येथे उतरले. १० डिसेंबरला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ व ‘रिपल्स’ या दोन युद्धनौका विमानांच्या माऱ्याने बुडाल्या. आरमार येणार, येणार म्हणून जे म्हटले होते ते एवढेच आले आणि तेही आठ दिवसांत संपले. ३१ जानेवारीस बेटाला भूमीशी जोडणारा बांध उडवून देण्यात आला. ज्यासाठी एवढा खटाटोप, तो नाविक तळ शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात आल्याने सोडून द्यावा लागला. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी बेटावर उतरले आणि १५ फेब्रुवारीस पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली. हल्ला करणाऱ्यांची संख्या शरण गेलेल्यांहून कितीतरी कमी होती.

योजनेत नसलेली माणसे

शरणागतीचे तात्कालिक कारण पाणी हे होते. बेटाला जोहोरमधून नळाने पाणी येत असे. तो मार्ग बंद झाला. बेटाच्या मध्यावरील तलाव शत्रूच्या हाती पडले. निर्वासितांमुळे लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली होती आणि बॉम्बवर्षावाने नळ फुटून पाणी रस्त्यावर वाहत होते. पंधरा इंची तोफांचा हिशेब ज्यांनी केला, त्यांनी या माणसांच्या घोटभर पाण्याचा हिशेब केला नव्हता.

हे विस्मरण अपघाती नव्हते. साम्राज्याच्या लेखी मलाया म्हणजे रबर आणि कथील. युद्ध दाराशी येईपर्यंत उत्पादनात खंड पडू नये यालाच प्राधान्य होते. तेथील मलायी, चिनी व तमिळ रहिवासी हे मजूर होते, रयत होते. संरक्षणातले भागीदार नव्हते. डिसेंबरच्या मध्यास पिनांग सोडताना गोऱ्यांना गुपचूप बोटींतून हलविण्यात आले आणि इतरांना मागे ठेवण्यात आले. त्या एका रात्रीने राज्यकर्त्यांचा उरलासुरला विश्वास संपविला. जपानशी लढण्यास सर्वाधिक उत्सुक असलेल्या चिनी तरुणांचे स्वयंसेवक दल शत्रू निम्म्या मलायापर्यंत येऊन ठेपल्यावर उभे राहिले, तेही अपुऱ्या हत्यारांनिशी. बेट पडल्यावर याच चिनी समाजातील हजारो पुरुषांची जपान्यांनी कत्तल केली. चाळीस हजारांवर भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. १७ फेब्रुवारीस फॅरर पार्कच्या मैदानावर त्यांना जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले आणि तेथेच आझाद हिंद सेनेचे बीज पडले. आपण कोणाच्या देशासाठी लढत होतो, हा प्रश्न त्या मैदानावर हजारो सैनिकांना एकाच वेळी पडला.

वर्ध्यात त्या वेळी

सिंगापूरचा पाडाव होण्यापूर्वी चार दिवस, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, जमनालाल बजाज यांचे वर्ध्यात निधन झाले. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामास राहत होते. काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्यास भरत. या छोट्या गावात युद्धाच्या बातम्या उशिरा येत असतील, पण त्यांचा अर्थ लागण्यास उशीर झाला नाही. मार्चमध्ये रंगून पडले. २३ मार्चला जपान्यांनी अंदमान घेतले. पोर्ट ब्लेअरमधील फौज त्याआधीच काढून घेण्यात आली होती, रहिवासी तेवढे मागे राहिले होते. एप्रिलच्या आरंभी कोलंबो, विशाखापट्टणम् व काकीनाडा यांवर बॉम्ब पडले. ब्रह्मदेशातून पायी येणाऱ्या भारतीय निर्वासितांना गोऱ्यांहून वेगळ्या व खडतर वाटेने यावे लागत असल्याच्या कहाण्या घरोघरी पोहोचल्या. त्याच सुमारास क्रिप्स यांच्याशी चाललेल्या वाटाघाटी फिसकटल्या. त्या ज्या मुद्द्यांवर फिसकटल्या त्यांत मुख्य मुद्दा संरक्षण खाते कोणाच्या हाती असावे हाच होता.

या पार्श्वभूमीवर १४ जुलै १९४२ रोजी कार्यकारिणीने वर्ध्यास ठराव केला. ‘छोडो भारत’चा उगम म्हणून तो विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, पण तो संरक्षणविषयक विचार म्हणूनही वाचण्याजोगा आहे. मलाया, सिंगापूर व ब्रह्मदेश यांचा अनुभव भारताच्या वाट्यास येऊ नये, अशी इच्छा त्यात नावनिशीवार व्यक्त केली आहे. ब्रिटनविषयीचा द्वेष वाढून जपानच्या विजयाबद्दल लोकांत समाधान दिसू लागले आहे, याबद्दल ठरावाने आनंद नव्हे, तर गंभीर चिंता प्रकट केली. आक्रमणापुढे निमूटपणे मान तुकविण्याची वृत्ती बळावत असून स्वतंत्र झालेली जनताच प्रतिकारास उभी राहील, असे त्याचे प्रतिपादन होते. आणि जे विसरले जाते तेही सांगितले पाहिजे: सत्ता सोडा, असे म्हणताना जपानच्या प्रतिकारासाठी दोस्त राष्ट्रांचे सैन्य भारतात राहण्यास या ठरावाने मान्यता दिली होती. अहिंसेचे पूजारी आणि सशस्त्र प्रतिकार अटळ मानणारे नेहरू, आझाद यांच्यातील तो एक समझोता होता.

८ ऑगस्टला मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले; दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले. १६ ऑगस्टला याच जिल्ह्यातील आष्टी येथे जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. सिंगापुरात जी दरी शत्रूने उघडी पाडली, ती येथे राज्यकर्त्यांनी स्वतःच्या हाताने रुंदावली.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि ते टाळून चालणार नाही. पहिला माल्टाचा. माल्टा हेही वसाहतीचे बेट, तेही नाविक बंदर. भयंकर बॉम्बवर्षाव सोसूनही ते पडले नाही. मग वसाहत असणे हेच पराभवाचे कारण कसे मानावे? दुसरा आक्षेप इंफाळ-कोहिमाचा. १९४४ साली जपान्यांचा निर्णायक पराभव केला तो परकीय सत्तेखालील भारतीय सैनिकांनीच.

दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि म्हणूनच निष्कर्ष अधिक काटेकोर करणे भाग पडते. योगायोगाने माल्टाच्या कसोटीच्या काळात तेथील गव्हर्नर होते ते मलायातून गेलेले डॉबीच. पण माल्टाला मदत येईल असे केवळ म्हटले गेले नाही. जहाजे बुडत असतानाही ती पाठविली गेली. मुंबईच्या ठरावानंतर आठवड्याभरात, ऑगस्टच्या मध्यास, मोठी हानी सोसून उरलेली काही जहाजे त्या बेटाला पोहोचलीच. खडकांत आश्रयस्थाने खोदली गेली, शिधावाटप झाले आणि एप्रिल १९४२ मध्ये ‘जॉर्ज क्रॉस’ हा सन्मान कोणा सेनापतीला नव्हे, तर सबंध बेटाला देण्यात आला. इंफाळ-कोहिमाच्या सैन्याला प्रशिक्षण मिळाले होते, विमानांनी रसद मिळत होती आणि नागा ग्रामस्थांनी वाटाड्ये, हमाल व टेहळे म्हणून अमोल साह्य केले होते. तात्पर्य, स्वातंत्र्य असले म्हणजे संरक्षण आपोआप होते असे नाही आणि नसले म्हणजे पराभव अटळ असेही नाही. पण ज्या योजनेत मदतीचे आश्वासन खोटे असते, अप्रिय सल्ला दडपला जातो आणि भूमीवरची माणसे हिशेबातच नसतात, ती योजना कितीही तोफा असल्या तरी टिकत नाही.

निकोबारचा हिशेब

या तीन कसोट्या आज ग्रेट निकोबारला लावून पाहाव्यात. बेटाचे सामरिक महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. २००१ साली अंदमान-निकोबारसाठी तिन्ही दलांची संयुक्त कमान स्थापन झाली; २०१२ मध्ये कॅम्पबेल बे येथे नौदलाचा ‘बाझ’ हा हवाई तळ सुरू झाला. हा सारा खटाटोप आवश्यकच होता. पण २०२२च्या नोव्हेंबरात पर्यावरणीय मंजुरी मिळालेला सुमारे ७२ हजार कोटींचा मूळ आराखडा हा केवळ लष्करी तळ नव्हे. मालाची चढ-उतार करणारे व्यापारी बंदर, नागरी व लष्करी उपयोगाचा विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे नगर असा तो व्याप आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन लागावयाची आहे. यातला कोणता भाग संरक्षणासाठी आणि कोणता व्यापारासाठी, हे वेगळे करून सांगणे शासनास अशक्य नाही. ते न सांगता सगळ्यावरच संरक्षणाचे पांघरूण घालणे ही संरक्षणाची सेवा नव्हे.

२०११च्या जनगणनेनुसार या बेटाची लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास होती. नव्या नगरात तिच्या कैक पट लोक येतील. मुख्य भूमीपासून दीड हजार किलोमीटरांच्या सुमारास असलेल्या बेटावर त्यांचे अन्न, इंधन व पाणी संकटकाळी कोठून येईल? सिंगापूरचे पाणी तर केवळ एका बांधापलीकडून येत होते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि दीपस्तंभाचा पायथा समुद्रात गेला. निसर्गाने दिलेला हा सल्ला अप्रिय असला तरी दडपता येण्याजोगा नाही. आणि तेथील माणसे? शोंपेन हे काही शेकड्यांत मोजण्याइतके उरले आहेत. त्सुनामीने उठविलेल्या निकोबारी लोकांना आपल्या जुन्या गावी परतावयाचे आहे. त्यांच्या आदिवासी परिषदेने प्रकल्पास दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये परत घेतली. आपली जुनी गावे त्यात जाणार हे पुरेसे सांगितले गेले नव्हते, ही त्यांची तक्रार आहे. १९६९ पासून या बेटावर निवृत्त सैनिकांची कुटुंबे वसविण्यात आली, त्यांत महाराष्ट्रातीलही होती. सीमेवर माणूस वसविला तर सीमा राखली जाते, हा त्यामागचा विचार होता. तो विचार योग्य असेल तर पिढ्यान् पिढ्या तेथेच राहणाऱ्या माणसाला तो अधिकच लागू पडतो.

घराजवळचा प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील वाचकास हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक पुलगावला आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तेथे लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जणांनी प्राण गमावले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी निकामी दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण मेले. त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले, रोजंदारीवर आलेले मजूर होते. राष्ट्राच्या संरक्षणाचा भार कोणावर पडतो, हे सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको. तो भार हा मजूर उचलतो, निकोबारी उचलतो. त्याला विचारले जात नाही एवढेच.

संरक्षणाच्या योजना गुप्त असाव्या लागतात, हे मान्य. पण जमीन कोणाची जाणार, पाणी कोठून येणार, संकटात कोणाला आधी हलविणार आणि कोणाला मागे ठेवणार, ही गुपिते नव्हेत. पिनांगमध्ये ती गुपिते मानली गेली आणि त्याची किंमत साम्राज्याने मोजली. वर्ध्याच्या ठरावाने परक्या सत्तेला हे सुनावले होते. तेच आपल्या सत्तेला सांगण्याची पाळी आली तर सांगणारा देशद्रोही ठरत नाही. संसदेने या प्रकल्पाचा संरक्षणविषयक भाग वेगळा काढून तपासावा आणि निकोबारींच्या परिषदेशी नव्याने, सर्व नकाशे समोर ठेवून बोलणी व्हावीत. बंदर त्यानंतर बांधता येईल. न विचारलेल्या माणसांच्या भूमीवर बांधलेले बंदर राखणे मात्र किती कठीण असते, हे सामुद्रधुनीच्या दुसऱ्या टोकाने एकदा दाखवून दिलेले आहे.